आधी उचल, मग समुद्र

ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर लग्नात, जत्रेत, स्पंजवाल्यांच्या सणात एक नाच होतो. नाव 'मिखानिकोस'. व्हायोलिन आणि लाउतो नावाचं तंतुवाद्य वाजत असतात, पुरुषांची रांग एकमेकांना धरून झुलत असते आणि सगळ्यात पुढच्याच्या हातात काठी असते. थोड्या वेळाने तो वाकतो. सगळा भार काठीवर येतो. पाऊल पुढे टाकलं की टाच टेकत नाही, चवडा जमिनीला लागतो, आणि लागताक्षणी पाय मांडीपासून खाली लटपटायला लागतो. मागचा त्याला घट्ट धरतो, पण उचलत नाही. संगीत थांबत नाही. रांगेतले सगळे आपली पावलं लहान करतात, त्याच्या पावलाएवढी, आणि तो सावरेपर्यंत जवळजवळ जागच्या जागी नाचत राहतात. बाहेरून आलेल्या पाहुण्याला वाटतं की म्हाताऱ्याची नक्कल चालली आहे. पण मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचं पाऊल असंच पडतं. चवड्यावर भार आला की पाय आपोआप थरथरतो, ही खूण डॉक्टर तपासणीत बघतात. या बेटाने ती नाचात जशीच्या तशी ठेवली. सगळ्यात पुढे, काठी देऊन.

ही रांग मनातून जात नाही. कुणाची आठवण ठेवायची तर पुतळा उभारतात, गाणं रचतात. इथे माणसाचं लंगडणं ठेवलं आहे, आणि तेही आनंदाच्या दिवशी.

नाच काही फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर कुणीतरी तो बसवला. 'मिखानिकोस' म्हणजे यंत्रवाला. यंत्र म्हणजे पाणबुड्याचा पोशाख, तिथल्या भाषेत स्काफान्द्रो. ते यायच्या आधीही इथली माणसं समुद्रात उतरतच होती. बेट आहे चुनखडीचं. डोंगर उघडेबोडके, झाड शोधावं लागतं. पिकाऊ म्हणावी अशी जमीन म्हणजे वाथी आणि पोथिया या मुख्य गावाच्या खोऱ्यांतली थोडीशी, वाथीत संत्र्यांच्या बागा आहेत तेवढ्या. उरतं ते पाणी. त्या पाण्याच्या तळाला खडकांवर स्पंज उगवतो, आणि जगभरातल्या न्हाणीघरांना, कुंभारांना, चित्रकारांना, शस्त्रक्रियेच्या खोल्यांना तो हवा होता.

जुना पाणबुड्या उतरायचा तो दगड घेऊन. त्या दगडाला स्कान्दालोपेत्रा म्हणतात. संगमरवराचा किंवा ग्रॅनाइटचा चपटा तुकडा, वजन साधारण १० ते १५ किलो, कोपरे घासून गोल केलेले, वरच्या टोकाला दोर ओवायला भोक. तो हातात घेतला की पहिल्यांदा जाणवतो त्याचा गुळगुळीतपणा. कोपरे गोल नसते तर उतरताना पोट आणि मांड्या सोलून निघाल्या असत्या. पाणबुड्या नागडा, गळ्यात जाळीची पिशवी. होडीतला माणूस काचेच्या तळाचं डबडं पाण्यावर धरून तळ न्याहाळतो. काच नव्हती तेव्हा पाण्यावर तेलाचे चार थेंब सोडत, लाट निवली की खालचं दिसे. काळा ठिपका दिसला की पाणबुड्या दोन-चार खोल श्वास घेतो, दोन्ही हात लांब करून दगड समोर धरतो आणि डोकं खाली करून सुटतो. दगड तिरपा केला की तो सुकाणूसारखा वळतो, आडवा केला की वेग कमी होतो. म्हणजे हेच वजन, हेच सुकाणू, हाच ब्रेक. तळाशी गेलं की तो काखेत मारायचा, स्पंज उपटून पिशवीत टाकायचे आणि दोर ओढायचा. वरची माणसं हातावर हात टाकत दगडासकट त्याला खेचून घेतात. पोहून वर यायचं नसतं, ती ताकद तळाशी वापरायची असते. दोर कधीच सोडायचा नाही. दगड हरवला तर नुकसान, दोर हरवला तर माणूस गेला.

दगडाचा धंदाही सुरक्षित नव्हता. कानाचे पडदे फाटत, शार्क येत, दोर खडकात अडके. १९१३ साली कार्पाथोस बेटाच्या पिगादिया उपसागरात 'रेजिना मार्गेरिता' या इटालियन युद्धनौकेचा नांगर तुटून बुडाला. तो शोधायला शेजारच्या सिमी बेटावरचा स्तात्ती नावाचा पाणबुड्या पुढे आला. बोटीवरच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. बारीक अंगाचा माणूस, फुप्फुसं फुगलेली, कानांचे पडदे गेलेले. डेकवर श्वास रोखायला सांगितला तर तो मिनिटभरही रोखू शकला नाही. तोच माणूस दगड घेऊन ७० मीटरच्याही खाली गेला आणि नांगराला दोर बांधून आला. बक्षीस मिळालं पाच पौंड, आणि डायनामाइटने मासे मारायची परवानगी. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. असा पाणबुड्या तळाशी एक-दोन मिनिटं असतो आणि छातीत असते ती वरूनच नेलेली एका श्वासाची हवा. बुडून मेला तर मेला, पण वर आला तर बहुतेक वेळा दोन्ही पायांवर उभा राहायचा.

यंत्र आलं १८६० च्या दशकात, आधी सिमीत आणि मग कालिम्नोसमध्ये. सिमीत सांगतात की ज्याने ते आणलं, त्याच्या बायकोनेच पोशाख घालून बंदरात बुडी मारली, लोकांची भीती जावी म्हणून. पोशाख म्हणजे रबर लावलेलं जाड कापड, त्यावर तांब्याचा गळपट्टा, त्याला बोल्टांनी आवळलेलं तांब्याचं शिरस्त्राण, छातीवर आणि पाठीवर शिसं, पायात शिशाच्या तळांचे बूट. सगळं मिळून ८० किलोच्या आसपास. ते अंगावर असताना माणसाला डेकवर धड चालता येत नाही, दोघांनी धरून शिडीपर्यंत न्यावं लागतं. वरती पंपाचं चाक माणसं हाताने फिरवतात आणि हवा नळीतून खाली जाते. या नळीला मार्कुत्सो म्हणतात. एक माणूस नळी सांभाळतो. दुसरा कोलाउझिएरिस, त्याच्या हातात खुणेची दोरी. ठरलेल्या ओढींनी तोच खालच्याशी बोलतो आणि वेळही तोच मोजतो. शिरस्त्राणाच्या बाजूला हवा सोडायची झडप असते, ती पाणबुड्या आतून डोक्याने दाबतो. दाबायला विसरला तर पोशाख फुगतो आणि तो फुग्यासारखा सुसाट वर येतो. वरून नळी फाटली आणि हवा उलटी जाऊ न देणारी झडप चालली नाही, तर पाण्याचा दाब सगळं शरीर त्या तांब्याच्या टोपात कोंबायला बघतो. या दोन्ही गोष्टींना पाणबुडे भीत, आणि ती भीती बरोबरच होती. खरा मारेकरी मात्र त्यांना दिसत नव्हता.

तो मारेकरी म्हणजे वेळ.

३० मीटरवर दाब वरच्या चौपट असतो, ४० मीटरवर पाचपट. पंपाने दिलेली हवा तेवढ्याच दाबाने आत जाते आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात, चरबीत, मज्जारज्जूत विरघळत राहतो. जितका वेळ खाली, तितका जास्त. सावकाश वर आलं तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. झटकन वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखं होतं, बुडबुडे अंगातच सुटतात. दगडवाल्याला हा प्रश्न फारसा नव्हता, कारण तो मिनिटांत परत यायचा. यंत्राने तळाशी हवी तेवढी हवा दिली आणि माणूस तिथे तासभर राबायला लागला. दुखणंही फसवं. खाली असताना काही होत नाही. माणूस वर येतो, टोप काढतात, तो हसतो, सिगारेट पेटवतो, आणि पाच-दहा मिनिटांनी म्हणतो की पायांना मुंग्या आल्यात. मग लघवी अडते, मग पाय जातात. फ्रेंच डॉक्टर लेरॉय द मेरिकूर यांनी त्याच काळात नोंदवलं आहे की १८६७ साली हा पोशाख वापरणाऱ्या २४ ग्रीक पाणबुड्यांपैकी १० जण मेले. नायट्रोजनचं कोडं पॉल बेअर यांनी १८७८ मध्ये उलगडलं. टप्प्याटप्प्याने थांबत वर कसं यायचं याचे तक्ते जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०८ मध्ये ब्रिटिश आरमारासाठी दिले. म्हणजे उपाय छापून तयार होता. तरी त्यानंतरही कितीतरी वर्षं या बेटाच्या बंदरात दर शरद ऋतूत पांगळे पाणबुडे उतरतच राहिले.

अज्ञान होतंच. पण नुसत्या अज्ञानावर सगळा भार टाकून चालणार नाही, कारण धंद्याचा हिशेबच असा होता की सावकाश वर येणं परवडत नव्हतं. हिशेबाची सुरुवात 'प्लातिका'पासून होते. प्लातिका म्हणजे उचल. ऊसतोडीला टोळी निघायच्या आधी मुकादम देतो ना, अगदी तशी. ईस्टरच्या आधी कप्तान पाणबुड्याला हंगामाच्या कमाईतला मोठा वाटा रोख देतो. किती, ते गेल्या वर्षी त्याने किती स्पंज काढले यावर ठरतं. पाणबुड्या त्यातून घरचं सहा महिन्यांचं भरतो, बहिणीचं लग्न उरकतो, उरलेलं निघायच्या आधीच्या रात्रींत उधळतो. ही उधळपट्टी बेटावर प्रसिद्ध होती आणि तिला कुणी नावं ठेवत नसे, कारण परत यायचं की नाही हे त्याचं त्यालाच ठाऊक नसे. कप्तानाकडेही स्वतःचा पैसा नसतो. त्याने तो व्यापाऱ्याकडून व्याजाने घेतलेला असतो. आता हा माणूस पाण्यात उतरतो तेव्हा तो मजुरी कमावत नाही, खर्चून झालेला पैसा फेडत असतो. स्पंज कमी पडले तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. वर येताना तीन-तीन मीटरवर थांबायचं म्हणजे दिवसातली एक बुडी कमी. उथळातला स्पंज संपत चालला की खोल जायचं, आणि खोल गेलं की थांबायचा वेळ आणखी वाढतो, म्हणजे तोटाही वाढतो. कप्तान प्रत्येक वेळी दुष्टच होता असं नाही. त्याच्या मागे व्याज होतं.

ईस्टर झाला की ताफा निघे. बंदरावर धर्मगुरू होड्यांवर पवित्र पाणी शिंपडत. निघायच्या आधीच्या मेजवानीला 'इप्नोस आगापिस' म्हणत, म्हणजे 'प्रेमाची झोप'. वाट आफ्रिकेची. देर्ना, बेनगाझी, तोब्रुक, मेर्सा मत्रुह. एक मोठी साठ्याची बोट आणि तिच्याभोवती बुड्या मारणाऱ्या लहान बोटी. परत यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर. खायला गालेता, म्हणजे दोनदा भाजलेला कडक पाव, पाण्यात भिजवल्याशिवाय दात लागत नाही. बरोबर कावुर्मास, म्हणजे चरबीत मुरवलेलं मांस. पाणबुडे दिवसभर जेवत नसत. भरल्या पोटी पोशाखात ओकारी झाली तर टोप उघडता येत नाही, म्हणून सकाळी कॉफी आणि जेवण एकदम संध्याकाळी. तळावरून फुस्का मिळत, खडकाला चिकटलेले चामड्यासारखे जीव. ते चिरून आतला पिवळट गर समुद्राच्या पाण्यासकट बाटलीत भरून ठेवायचा. याला स्पिनियालो म्हणतात. आजही पोथियातल्या खानावळीत ते मिळतं. तोंडात पहिल्यांदा आयोडीन लागतं, मग कडवटपणा, आणि मागून बऱ्याच वेळाने गोडसरपणा येतो. पाय गेलेल्याला डॉक्टर मिळायचा नाही. किनाऱ्यावरच्या गरम वाळूत त्याला गळ्यापर्यंत पुरून ठेवत, ऊब लागून रक्त फिरेल या आशेने. जे त्यातूनही उठले नाहीत त्यांना त्याच किनाऱ्यावर, त्याच वाळूत मूठमाती दिली.

आणि घरी बायका. कालिम्नोसमध्ये आईचं घर थोरल्या मुलीकडे जातं आणि नवरा लग्न करून तिच्या घरी येतो. त्याला घरजावई म्हणून कुणी हिणवत नाही, रीतच ती आहे. सहा महिने पुरुष नसलेल्या गावात घर, वांगी-टोमॅटो, कर्ज, म्हातारी माणसं हे सगळं आई, मुली आणि मावश्या एकाच गल्लीत मिळून बघत. अशा गल्लीत नवरा मेला तर पोरं उघड्यावर पडत नाहीत, एवढा तरी आधार या रीतीत आहे. यंत्राविरुद्ध आवाज उठला त्यात या बायकांचा वाटा मोठा होता. बेटांनी थेट ऑटोमन सुलतानाकडे अर्ज केले आणि १८८२ मध्ये पोशाखावर बंदी आली. ती टिकली नाही. यंत्राने एका हंगामात निघणारा माल दगडाने निघत नव्हता आणि व्यापाऱ्यांना त्याची सवय झाली होती. याच बेटावरच्या बायकांनी पुढे १९३५ मध्ये इटालियन शिपायांवर दगडफेक केली, त्यांच्या चर्चच्या कारभारात इटलीने हात घातला म्हणून. १९१२ मध्ये आलेले इटालियन, त्यांच्यामागून जर्मन, मग ब्रिटिश, असं करत हे बेट १९४८ मध्ये रीतसर ग्रीसला मिळालं. ग्रीक झेंडा लावायची मनाई होती त्या काळात लोकांनी घरं पांढरी आणि निळी रंगवली असं सांगतात. पोथियाच्या चढावर तो निळा अजून बराच दिसतो.

आपण दुकानात बघतो तो स्पंज म्हणजे एका प्राण्याचा सांगाडा. जिवंत स्पंज काळा, बुळबुळीत, हातात घेतला तर कच्च्या काळजासारखा जड लागतो. होडीवर आला की तो डेकवर पसरून अनवाणी पायांनी तुडवायचा, आतलं पांढरट 'दूध' निघेपर्यंत. त्याचा वास काही दिवस नाकातून जात नाही. मग दोरीत ओवून रात्रभर समुद्रात सोडायचा, सकाळी पुन्हा तुडवायचा, काळी साल सुरीने खरवडायची, पुन्हा पाण्यात. हे नीट झालं नाही तर आत मांस राहतं, ते सडतं आणि धागा कुजून तुटायला लागतो. पोथियाच्या कारखान्यांत पुढचं काम होतं. सौम्य आम्लात बुडवून शिंपल्यांचे कण आणि चुना काढतात, मेंढ्या कातरायच्या कात्रीने गोल आकार देतात. मूळ रंग तपकिरी. पिवळाधमक हवा असेल तर पोटॅशियम परमँगनेटमधून काढून विरंजन करतात. गिऱ्हाईक पिवळ्यालाच भुलतं, पण विरंजनाने धागा कमकुवत होतो, तपकिरी जास्त वर्षं जातो. बारीक छिद्रांचा फिनो चेहऱ्याला, मोठ्या पोळ्यासारख्या भोकांचा कापादिको अंगाला, घट्ट विणीचा त्सिमुखा घासायला. वाळलेला दगडासारखा कडक असतो, पाण्यात टाकला की क्षणात फुगून लोण्यासारखा होतो. ओला करून पिळल्यावर बोटांत कण लागले तर तो नीट धुतलेला नाही. घरी आणल्यावर उकळू नका, क्लोरीन लावू नका. महिन्यातून एकदा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून ठेवलं की पुरे.

पुढचं भराभर घडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कितीतरी पाणबुडे फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्सला गेले आणि तिथेच त्यांची वस्ती झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यातला कृत्रिम स्पंज आला, पैशाला पासरी. १९८६ मध्ये भूमध्य समुद्रात स्पंजावर रोग पडला, धागा राखाडी होऊन हातात चुरा व्हायला लागला. पोथियाच्या धक्क्यावरच्या दुकानांतला बराचसा माल आता बाहेरच्या समुद्रांतून येतो आणि इथे फक्त कातरला-धुतला जातो. बेट मात्र ओस पडलं नाही. १९९० च्या दशकात एका इटालियन गिर्यारोहकाची नजर मासुरी गावाच्या वरच्या चुनखडीच्या कड्यांवर पडली. लोंबते सुळके, गुहा, बोटं अडकवायला खड्डे. ज्या ऑक्टोबरात पूर्वी स्पंजाचा ताफा परतायचा, त्या ऑक्टोबरात आता जगभरचे प्रस्तरारोहक येतात. संध्याकाळी मासुरीच्या कड्याखाली उभं राहिलं तर वर एक जण आणि खाली दोर धरून दुसरा, मान वर, दोराची प्रत्येक ओढ हाताने ओळखणारा. कोलाउझिएरिसचं काम याहून वेगळं नव्हतं. फक्त त्याचा माणूस दिसत नसे.

ईस्टरला डोंगरांवरून डायनामाइटचे बार अजून उडतात. १९८० मध्ये त्यात माणसं मेली, तरी थांबले नाहीत. घराघरांत मातीच्या भांड्यात भरलेलं करडू रात्रभर भट्टीत शिजतं, त्याला मूरी म्हणतात. आणि अंगणात कधीतरी व्हायोलिन लागतं, काठी बाहेर येते. आता पुढे उभा राहणारा धडधाकट असतो, बहुतेक वेळा विशी-पंचविशीतला, ज्याने तांब्याचा टोप फक्त संग्रहालयात बघितलेला आहे. तरी त्याला शिकवलेलं असतं की टाच टेकवायची नाही, चवडा टेकवायचा आणि थरथर मांडीतून येऊ द्यायची. त्याहून कठीण काम मागच्याचं. त्याला शिकवतात की याला उचलायचं नाही. धरून ठेवायचं, आणि आपलं पाऊल त्याच्याएवढं करायचं.